करवती लुगडं, वाकळ, नीळ आणि सायनोटाइप एकाच कामात: क्रम काय ठेवायचा?

काठपदर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भिंतीवर टांगायचं एक काम हातात आहे, मापं ६ फूट बाय ४ फूट. विषय नागपूरच्या विणकर वस्त्या: पाचपावली, तांडापेठ, तिथले हातमाग आणि त्यावरची लुगडी नेसलेल्या बायका. साहित्य असं आहे:

एक कोशाचं (टसर रेशमाचं) लुगडं, काठ करवती, म्हणजे करवतीच्या दातांच्या नक्षीचा. काठ ठणठणीत, पण अंग घड्यांवर चिरलंय. पदरावर जरीच्या दोन पट्ट्या आहेत, त्या काळवंडल्यात. तीन सुती नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली. मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) सायनोटाइपने, म्हणजे लोहाचं द्रावण लावून उन्हात निळा छाप उमटवण्याच्या पद्धतीने, छापायची जुनी कागदपत्रं आणि फोटो. शिवाय नैसर्गिक निळीत रंगवलेले तुकडे. हे सगळं वाकळीसारखं थरावर थर ठेवून धावदोऱ्याने शिवायचं, असा विचार आहे.

अडचणी चार:

१. रंग पक्का धरावा म्हणून हिरडा-फिटकरी लावलेल्या मांजरपाटावर सायनोटाइप केला तर छाप निळा न येता काळपट-जांभळट येतो, आणि जिथे पांढरं राहायला हवं तिथेही राखाडी झाक येते. आधी छाप काढून मग निळीत बुडवलेल्या कापडावरचा छाप तर पार पिवळट होऊन गेला.
२. नीळ हाताला लागते. पाच-सहा वेळा धुतलं तरी.
३. कोशाचं लुगडं वाकळीत शिवावं की नाही? शिवायचं तर चिरलेल्या भागाला आधार कसा द्यायचा?
४. प्रदर्शन मे महिन्यात आहे. हॉलमध्ये एसी नाही, मोठे कूलर आहेत.

लुगडं कापायची तयारी आहे, पण गरज असेल तरच.

---

हिरडा_फिटकरी

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या वाक्यातच आहे ताई. हिरड्यात टॅनिन, सायनोटाइपच्या द्रावणात लोह. दोघं भेटले की काळा रंग तयार होतो, जुन्या काळी शाई याच मेळातून करायचे. त्यामुळे हिरडा लावलेल्या कापडावर सायनोटाइप करूच नका. फिटकरीही नको. या कामाला कोरं, खळ काढलेलं सुती कापड लागतं, बाकी काही नाही.

निळीतला छाप पिवळा पडला तो निळीच्या द्रावणातल्या चुन्यामुळे. सायनोटाइपचा निळा अल्कलीत टिकत नाही. चुना, धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, सगळं त्याला मारतं. आधी नीळ मग छाप असं उलटं केलं तरी धाग्यात राहिलेला चुना हळूहळू छाप खातो. म्हणून दोन्ही एका तुकड्यावर घेऊ नका. वेगळे तुकडे करा आणि शिवणीत एकत्र आणा. नाहीतरी वाकळ म्हणजे जोडच.

आता छापाची कृती.

खळ काढणं: १ किलो मांजरपाटाला २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण, भरपूर पाण्यात तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं होतं. ते टाकून पुन्हा एकदा उकळा. मग स्वच्छ पाण्यात चार-पाच वेळा खळबळून शेवटच्या पाण्यात बादलीला दोन मोठे चमचे व्हिनेगर. सोडा राहिला तर छाप गेला म्हणून समजा. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर कापड तयार. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर खळ शिल्लक आहे.

द्रावण: एका बाटलीत १०० मि.ली. पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं). दुसऱ्या बाटलीत १०० मि.ली. पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगळ्या, गडद बाटल्यांत ठेवा आणि लावायच्या वेळीच समप्रमाणात मिसळा. एक चौरस मीटर मांजरपाटाला १५० ते २०० मि.ली. मिश्रण लागतं. स्पंजाच्या ब्रशने आधी आडवं, मग उभं लावा. हातमोजे घाला, आणि कुठलंही तीव्र ॲसिड या द्रावणाच्या जवळ आणू नका. खोलीत साधा पिवळा बल्ब चालतो, खिडकीचा उजेड चालत नाही. लावलेलं कापड त्याच दिवशी वापरा. पावसाळ्यात तर दोन-चार तासांतच, कारण दमट हवेत कापड अंधारातही निळसर व्हायला लागतं आणि पांढरा भाग मळतो.

अक्षरांचा एक घोळ हमखास होतो. चित्र किंवा मजकूर आधी पारदर्शक शीटवर छापून घ्यायचा, आणि शीटची छापलेली बाजू कापडाला टेकवायची असते, म्हणजे कडा तीक्ष्ण येतात. त्यामुळे प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढा, नाहीतर मराठी अक्षरं उलटी उमटतील. फोटोसाठी निगेटिव्ह लागते. हाताने लिहिलेल्या कागदाची मात्र आहे तशीच काळ्या अक्षरांची प्रत घ्या. निळ्यावर पांढरी अक्षरं येतात आणि लांबूनही वाचता येतात.

ऊन: कापडावर शीट आणि शीटवर काच ठेवून, नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात ११ ते १ च्या मधे ८ मिनिटांपासून सुरुवात करा, डिसेंबरात १५ ते २०. पण आधी पट्टी चाचणी घ्याच. एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत ४, ६, ८, १०, १२ मिनिटं. कापड पिवळट-हिरव्याचं निळं होतं, मग गडद भाग राखाडी-कांस्य दिसायला लागतो. तिथे थांबायचं. धुताना बरंच निघून जातं, म्हणून उन्हात थोडं जास्तच झालेलं बरं. काच जाड ठेवा आणि कापड हाडासारखं कोरडं असू द्या, नाहीतर तापलेल्या काचेखाली वाफ धरते आणि तिथे ढगासारखे डाग येतात.

धुणं: पहिल्या पाण्यात बादलीला एक चमचा व्हिनेगर. बोअरचं पाणी असेल तर हे टाळू नका. पाण्यात पिवळेपणा दिसेनासा झाल्यावर आणखी दहा मिनिटं. वाळवणं सावलीत. पूर्ण निळा एका दिवसात चढतो. पुढे कधी धुवायची वेळ आली तर रिठ्याचं पाणी, साबण नको.

मुद्दाम काळा छाप हवा असेल, तर कोऱ्या कापडावर निळा छाप पूर्ण झाल्यावर सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात (लिटरला पाव चमचा) तो फिका करा, धुवा आणि हिरड्याच्या काढ्यात बुडवा. कापडाची पांढरी जागा थोडी पिवळसर होते, ती जुन्या कागदासारखी छान दिसते. हिरडा इतवारीत किराणा ओळीत मिळतो. सुकलेली टरफलं घ्या, तयार भुकटीत बऱ्याचदा बी दळलेलं असतं.

---

निळीची_नांद

वरचं सगळं पटलं. निळीपुरतं मी लिहितो.

हाताला रंग लागतो याची तीन कारणं असतात: कापडाची खळ नीट निघालेली नाही, नांद (निळीचं द्रावण) फार दाट ठेवून एक-दोन बुडव्यांतच गडद रंग काढलाय, किंवा नांदेतली नीळ पुरती विरघळलेली नव्हती आणि तिचे कण धाग्यावर नुसते बसलेत. तुमच्याकडे बहुतेक दुसरं झालंय.

१० लिटरच्या नांदेला ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम चुना, १५० ग्रॅम फ्रुक्टोज. एकास दोन, दोनास तीन असं लक्षात ठेवा. नीळ आधी गरम पाण्यात चांगली कालवून घ्या, गुठळी राहायला नको. पाणी ५० अंशांच्या आसपास. चुना शेवटी, थोडा थोडा. मग गोल ढवळायचं, उसळवायचं नाही, कारण हवा आत गेली की नांदेचा जोर कमी होतो. तासाभराने वर तांबूस-जांभळी साय आणि मधे निळा फेस दिसला, आणि काचेच्या ग्लासात घेतलेलं पाणी पिवळट-हिरवं दिसलं, की नांद तयार. पाणी निळंच दिसत असेल तर फ्रुक्टोज कमी पडलंय किंवा पाणी थंड आहे. राखाडी, मलूल दिसत असेल तर बहुतेक चुना संपलाय.

फ्रुक्टोजऐवजी गूळ चालतो, पण गुळात साधी साखरच जास्त, म्हणून तो जास्त लागतो आणि वेळही घेतो. एप्रिल-मे मध्ये नागपूरला नांद गच्चीवर सावलीत ठेवली तर गरम करावी लागत नाही. डिसेंबरात मात्र रात्रीतून थंड होऊन बसते.

बुडवणं: कापड आधी पाण्यात भिजवून पिळून घ्या. ३ मिनिटं आत, १५ मिनिटं हवेत. असे पाच-सहा बुडवे. तळाशी चुन्याचा गाळ असतो, त्याला कापड लागू देऊ नका. तळापासून वीतभर वर एक जाळी बसवा, नाहीतर ठिपके पडतात. शेवटी दोन-तीन दिवस तसंच ठेवा, मग व्हिनेगरच्या पाण्यात १५ मिनिटं, आणि नंतर साध्या साबणाच्या गरम पाण्यात धुवा. सुटा रंग इथे निघून जातो. हे पाणी निळं होणार, घाबरू नका. पांढरा ओला रुमाल घासून पुसट डाग आला तर चालेल, गडद आला तर पुन्हा धुवा. हे झाल्याशिवाय तो तुकडा पांढऱ्या लुगड्याशेजारी शिवू नका.

खरेदीचं एक. दुकानात नुसती 'नीळ' मागितली तर पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ देतात. ती वेगळी वस्तू आहे, धाग्याला धरतच नाही. 'नैसर्गिक इंडिगो, वडी किंवा पावडर' असं स्पष्ट म्हणा.

आणि एक कळकळीचं. काम नागपूरच्या ओळखीवर आहे, तर निळ्याकडे नुसता रंग म्हणून बघू नका. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर या शहरात निळा दीक्षाभूमीचाही आहे. विणकर वस्त्यांच्या कामात तो कुठे येतो, कोणाशेजारी येतो, याचा विचार तुकडे मांडायच्या आधी व्हायला हवा.

---

धोटा

लुगडं कापू नका, आणि वाकळीतही शिवू नका. कारण भावनेचं नाही, विणीचं आहे.

करवतीच्या काठाजवळ भिंग धरून बघा. अंगाचा बाणा (आडवा धागा) कोशाचा आणि काठाचा बाणा सुती, दोन्ही वेगळ्या धोट्यांवरचे (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन). दोन काठांचे दोन धोटे आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात. सांध्यावर अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतात. त्या अडकवण्याच्या पायऱ्यांतूनच करवतीचे दात उभे राहतात. म्हणून खऱ्या करवतीचा काठ दोन्ही बाजूंनी एकसारखा गडद दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत अंगाचा बाणाच काठातून जातो, त्यामुळे काठाचा रंग मिसळलेला, फिकट दिसतो. आता हे तुम्ही अस्तर लावून वाकळीत शिवलं, तर मागची बाजू कायमची गेली. या विणकामाचा पुरावाच ती बाजू आहे.

दुसरं कारण ओढीचं. काठ सुती, जड, घट्ट. अंग कोशाचं, हलकं. ओलं झालं की सूत जास्त आटतं, कोसा कमी. म्हणून हे लुगडं पाण्यात घालू नका, सांध्यावर चुण्या पडतील. जुनं कापड फाटतंही बहुधा सांध्याला लागूनच, अंगाच्या बाजूने. वाकळीचा दर अर्ध्या इंचाला पडणारा टाका त्या सांध्याला शेकडो भोकं पाडेल.

आधार असा द्या:

लुगडं मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उलगडू नका. रेशीम कोरडं पडलं की घडीवर तुटतं. ओलं फडकं फिरवलेल्या बंद खोलीत, लुगड्याला पाणी न लागू देता, एक दिवस सैल पसरून ठेवा, मग हात लावा. धूळ काढायला तोंडाला नायलॉनची जाळी बांधलेला व्हॅक्यूम, सगळ्यात कमी जोरावर, कापडापासून थोडा वर धरून.

चिरेच्या खाली कोशाच्याच रंगाचं मऊ, धुतलेलं कापड घ्या. मलमल चालेल. चिरेच्या चारही बाजूंनी दोन इंच जास्त. चिरेच्या कडा दुमडू नका, नुसत्या एकमेकींजवळ आणा. रेशमाच्या सुट्या, एकपदरी धाग्याने चिरेला आडवे लांब टाके, ३-४ मि.मी. अंतरावर, आणि प्रत्येक लांब टाका मधेमधे बारीक टाक्याने दाबून धरा. सुई १० किंवा १२ नंबरची. सुई दोन धाग्यांच्या मधून गेली पाहिजे, धागा भोसकून नाही. टाका ओढला की नवीन चीर पडते. सैल सोडा.

फेविकॉल नको, इस्त्रीने चिकटणारं बकरमही नको. आज छान बसतं, पण कडक होतं, आणि त्याच कडेवर कोसा पुन्हा तुटतो. काढायला गेलात तर धाग्यासकट निघतं.

जरीचं: घासू नका. काळेपणा चांदीवरचा आहे आणि वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पावडरीने तो एका हातात निघून जातो. जरीला रबर, लोकर, वर्तमानपत्र आणि डांबर गोळ्या लागू देऊ नका. काळी जर तशीच दिसू द्या, ती त्या लुगड्याचं वय सांगते.

मांडणीसाठी माझं मत: वाकळीत एक खिडकी सोडा आणि त्यात लुगड्याचा काठ मागून-पुढून दिसेल असा टांगा.

---

मांजरपाट

धोटाभाऊंच्या विणीच्या सांगण्यात खोट नाही, पण खिडकीचं मला पटत नाही. वाकळीला मोठी खिडकी सोडली की तिच्या वरच्या कडेवर खालच्या भागाचा भार येतो आणि दोन-तीन आठवड्यांत ती झोळ खाते. त्यात ९ वारांचं, म्हणजे सव्वाआठ मीटरचं लुगडं मावणार कसं? ते वेगळंच ठेवा. वाकळीपुढे दीड-दोन फुटांवर छतापासून आडवा दांडा घ्या. दांड्यावर धुतलेल्या मांजरपाटाची गादी करा आणि त्यावरून लुगडं सैल सोडा. दांडा किमान ३ इंच जाडीचा, म्हणजे घडी पडत नाही. बघणारा दोन्हीच्या मधून जाऊ शकेल, करवत दोन्ही बाजूंनी दिसेल. सगळं लुगडं लोंबू देऊ नका. जेवढं दाखवायचं तेवढंच, उरलेलं रोलवर गुंडाळून वर ठेवा.

वाकळीचा हिशेब. ६ बाय ४ फूट म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. वर जोडकाम, मधे जुन्या नऊवारीचे दोन थर, खाली मांजरपाट. वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे टांगायला सोपं. धावदोऱ्याने कापड आक्रसतं, म्हणून सगळे थर चारही बाजूंनी ४ इंच मोठे घ्या आणि शेवटी माप कापा. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर ४ फुटांत ९६ ओळी, प्रत्येकी ६ फूट. म्हणजे १७५ मीटर दोरा, टाक्याचं आत-बाहेर धरून २१० मीटर ठेवा. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा तुटत नाही, लुगडं कापलं जातं.

आपल्याकडची वाकय (वाकळ) कडेपासून आत, गोल फिरत शिवतात. दिसायला सुंदर, पण सैल कापड मधे गोळा होऊन फुगा येतो. म्हणून आधी सगळे थर जमिनीवर ताणून, दर ४ इंचांवर उभा-आडवा कच्चा टाका घाला. तो मधून बाहेरच्या दिशेने घालत जायचा. मग कडेपासून फिरा. कच्चा टाका ओळ पुढे सरकेल तसा काढत जा.

सायनोटाइपच्या तुकड्यावरून सुई नेताना हात कोरडे ठेवा. आणि शिवून झाल्यावर वाकळ धुवायची नाही, हे आत्ताच ठरवून टाका. नीळ, छाप आणि जुनं सूत, तिघांना एकच धुणं मानवणार नाही. जे काय धुवायचं ते जोडायच्या आधी.

टांगणी: वरच्या कडेला मागून ३ इंची सुती पट्टी, तिच्यावर २ इंची वेल्क्रोची मऊ बाजू दोन ओळींत शिवा. खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर ठोका. लाकडाला आधी पॉलिश करून पूर्ण वाळू द्या, कच्च्या लाकडाचा पिवळा डाग कापडात उतरतो. भिंत आणि वाकळ यांच्यात इंचभर पोकळी हवी.

कूलरचं नीट ऐका, मे मध्ये हीच खरी अडचण आहे. बाहेर हवा कोरडी ठाक, कूलरसमोर ओली. सकाळी हॉल उघडून कूलर लावला की सूत पाणी धरून सैल पडतं, रात्री बंद केला की पुन्हा आखडतं. रोज हे झालं की खालची कड वाकडी होते, आणि लुगड्याच्या काठाचं नि अंगाचं जमत नाही. तेव्हा झोताच्या रेषेत काहीच नको, कूलरपासून किमान १० फूट आणि कोनात. पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा, दुपारी ती तव्यासारखी तापते. शक्य असेल तर लुगड्याच्या बाजूचा कूलर बंदच ठेवा आणि फक्त पंखा, तोही लांबून. दिव्याचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) पुढे नको, आणि कोणी नसताना बंद. सायनोटाइप उजेडाने थोडा फिका पडला तर अंधारात बराच परत येतो, निळीचं आणि कोशाचं तसं नाही.

कामावर आणायच्या आधी तिन्ही सुती लुगड्यांत कसर बघून घ्या. खळ असलेल्या घडीत ती हमखास असते. शंका आली तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच. कोशाचं लुगडं फ्रीजरमध्ये घालण्याआधी मात्र जाणत्या माणसाला दाखवा.

---

काठपदर

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा धरते: कोऱ्या मांजरपाटावर छाप वेगळे, नीळ वेगळी, हिरडा फक्त काळ्या छापाला, जोडल्यावर धुणं नाही, लुगडं दांड्यावर. एकच राहिलं. शेजारच्या पाटीवर 'नागपुरी साडी' लिहू की 'करवती'? आणि कागदपत्रांत काही घरांची नावं आहेत.

---

धोटा

'करवती काठ, कोसा आणि सूत, तीन धोट्यांचा हातमाग' असं लिहा. करवत काठी या नावाने या कापडाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे 'नागपुरी साडी' एवढंच लिहिलं तर उमरेड-पवनीच्या काठाच्या धोतरांपासून गिरणीच्या साडीपर्यंत काहीही समजलं जाईल. १८७७ पासून एम्प्रेस मिल ही कापड गिरणी या शहरात होती, तेव्हा हातमागाचं आणि गिरणीचं कापड वेगळं सांगणं इथे गरजेचंच आहे. कोसा विदर्भातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांचा, तेही एका ओळीत येऊ द्या. कोष गोळा करणारा, सूत काढणारी आणि विणणारा, तिघं वेगळी माणसं असतात. पाटीवर फक्त विणकर आला तर दोघं गळतात.

नावांचं: त्या घरांना छापण्याआधी कागद दाखवून विचारा, आणि नाही म्हटलं तर शीट बनवतानाच नावाच्या जागी काळी पट्टी घाला. ती कापडावर पांढरी येईल. नंतर कापडावरून नाव घालवता येत नाही.